माय कशी मेली ते सांग

"सांग न याईले, तुझी माय कशी मेली ते."

ताटं वाढून झाली होती. जबलपूरहून आलेले पाहुणे टेबलाशी बसले होते. मी भिंतीला टेकून उभी. वय नऊ. जिच्या घरी मी राहायचे त्या आंटीनं पाठीला हात लावून मला पुढं केलं.

मी सांगितलं. गाव किरनापूरकडं. बाप आधीच गेलेला. माय दुसऱ्याच्या शेतात, धानाच्या बांधीत रोवणीला गेली, तिथं तिला साप चावला. मरताना म्हणाली, "बेटा, पानी दे."

ते पाणी मागणं मीच जोडलं होतं. तिथं आलं की बायका डोळे पुसायच्या. खरं म्हणजे मी तेव्हा शाळेत होते. मायचं शेवटचं मी काहीच पाहिलं नाही.

आंटीचे यजमान चर्चचे वडील, म्हणजे कारभारी मंडळातले होते. पाळकांच्या सांगण्यावरून त्यांनी मला बालाघाटला आपल्या घरी ठेवलं. पाहुणे त्यांना म्हणायचे, "प्रभु का काम कर रहे हैं आप लोग." मग प्रार्थना. मग जेवण. माझं ताट सगळ्यांचं झाल्यावर, स्वयंपाकघरात.

मारलं नाही कधी. उपाशी ठेवलं नाही. शाळेत घातलं, नर्स केलं. तापात फणफणले तेव्हा आंटीच उशाशी बसली होती. म्हणून हे सांगताना जीभ अडखळते. त्यांचं खाल्लंय मी.

आता माझं लग्न झालंय. घर बालाघाटातच. अनाथ लेकरू सांभाळणं ख्रिस्ती माणसाचं काम आहे, असं मी मानते. म्हणून बैहरकडची रोशनी आमच्या घरी आली. सात वर्षांची. बाप दारूनं गेला, आई टाकून गेली.

गेल्या नाताळात चर्चच्या बायका घरी आल्या. आंटीही होती, आता थकलेली. चहा घेताना कोणीतरी विचारलं, "कुठची हो पोरगी?"

मी सांगत सुटले. बाप, दारू, आई. बायका चुकचुकल्या. एकजण म्हणाली, "मोठं मन हाये तुझं." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. माझा हात रोशनीच्या पाठीवर गेला. "बता बेटा, मम्मी कैसे गई."

रोशनी उभी राहिली. सगळ्यांच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "जाते-जाते मम्मी ने मुझे चूमा. बहुत रोई."

हे तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं. झोपेतून उठली तेव्हा आई घरात नव्हती, एवढंच तिला माहीत होतं.

मी तिच्या पाठीवरचा हात काढला.

"बस," मी म्हणाले. "रोशनी, अंदर जाओ. खेलो."

"काहून? बोलू दे न तिले," आंटी म्हणाली. "देवानं काय केलं त्याची साक्ष हाये ते."

"साक्ष नाही, आंटी. तिची माय हाये ते."

आंटीनं कप खाली ठेवला. "आम्ही तुले असंच वाढवलं. काय कमी केलं?"

"जेवणात काही कमी नाही केलं. पण दर ताटाआधी माझी माय मागितली."

आंटीचे डोळे भरले. ती उठली आणि भिंतीचा आधार घेत निघून गेली. मी तिला दारापर्यंत सोडायलाही गेले नाही.

बायका गेल्यावर मी रोशनीला विचारलं, "वो सच था?"

"नहीं," ती म्हणाली. "पर आप लोगों को अच्छा लगता है न."

सात वर्षांची पोर. मला जे जमायला कितीतरी पाहुणे लागले, ते तिला माझ्या घरात एकाच चहात जमलं होतं.

मी तिची माफी मागितली. तिला ती कळली की नाही, ठाऊक नाही.

आता कोणी विचारलं, ही कोण, की मी सांगते, "रोशनी. दुसरीत आहे." लोक पुढचं ऐकायला थांबतात. थांबू देत. तिची गोष्ट तिची. वाटलं तर सांगेल, नाहीतर कोणालाच सांगणार नाही.

आंटीकडं जावंसं रोज वाटतं. तिचे भरलेले डोळे माझ्या जिवाला लागलेत. ते ओझं मी वागवीन. पण ते उतरवायला, आंटीचं मन राखायला, रोशनीला पुन्हा साक्ष द्यायला कोणापुढं उभं करणार नाही. देवापुढंसुद्धा नाही.