जातं आणि जीव

आमच्या कुंभार पिंपळगावातले चक्कीवाले चाचा चक्की बंद असली तरी ओरडूनच बोलतात. भुवया पिठानं पांढऱ्या. टोपीचा मूळ रंग कोणता, हे मला अजून कळलेलं नाही. मध्येच डबा घुसवला तर सरपंचालाही रांगेत मागं पाठवतात.

परवा हप्ता थकला म्हणून वसुलीवाला शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंची मशीन उचलायला आला. चाचा चक्की बंद करून तडक त्यांच्या उंबऱ्यात जाऊन बसले.

"पैसे मागायचे तर बाहेरून मागा. आत पाय टाकायचा न्हाई."

"चाचा, नियम आहे."

"नियम आमचाबी हाय, तुमच्याहून जुना. जातं गहाण घेऊ नका, ते जीव गहाण घेणं हाय. बाईंची मशीन म्हंजी त्यांचं जातंच. तौरातमधी लिव्हलंय!"

"तौरात म्हणजे?"

"मूसा पैगंबरांची किताब. साहेबाला बराबर सांगा."

रांगेतल्या बाया डबे घेऊन चाचांमागं उभ्या राहिल्या. मीही राहिलो.

"मी परत येईन," गाडीला किक मारत वसुलीवाला म्हणाला.

"या की! मी हितंच बसेल हाय," चाचा ओरडले. "येताना दळण आणा!"