पापडाची पी-व्हॅल्यू

पापडाच्या कारखान्यात दोन गोष्टी रोज साठतात. चुरा आणि किस्से! चुऱ्याला निदान गिऱ्हाईक मिळतं. किस्से मात्र माझ्याच गळ्यात पडतात.

आनंदनगर एमआयडीसीतल्या लॅबमध्ये शिकलेलं अ‍ॅनोव्हा, म्हणजे मार्कांतला फरक खरा की योगायोग ते सांगणारं गणित, घेऊन मी उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या गोपशेठच्या युनिटमध्ये क्वालिटी बघायला आले. आल्या आल्या घरचंच भांडण माझ्या टेबलावर! पाकिटात शेठच्या आईचा, म्हणजे अम्मांचा जुना मसाला राहणार, की शेठच्या बायकोचा, कोमलभाभीचा नवा? अम्मा ठणकावून सांगायच्या, "मेरे जैसा पापड कोई बनाके तो दिखाए!" भाभी उलट बोलायची नाही, पण तिचा सगळा जीव त्या मसाल्यात होता.

मी म्हटलं, "दोन्ही मसाले तळून आणि भाजून लोकांना खायला देऊ. मार्क एक्सेलमध्ये टाकू. टू-फॅक्टर अ‍ॅनोव्हा!"

शेठ म्हणाले, "फॅक्टर-बिक्टर छोडो, मॅडम. मी घरी कोणाला तोंड दाखवायचं, तेवढं सांगा!"

* * *

आधी रंगीत तालीम घेतली. पॅकिंगचे पवारकाका बदलापूरहून येतात. एकदम देवमाणूस. त्यांनी सगळ्या पापडांना दहापैकी सात मार्क दिले. तळलेल्याला सात, भाजलेल्याला सात, करपलेल्यालाही सात!

"काका, काहीतरी फरक करा ना!"

"मॅडम, बायाबापड्या मान मोडून लाटतात. नावं कशाला ठेवायची?"

* * *

एकाच माणसाच्या मार्कांवर भागत नाही, प्रत्येक चौकटीत बऱ्याच जणांचे लागतात, असं मी शेठना समजावलं. मी चहाला गेले तेवढ्यात त्यांनी स्वतःचे मार्क टाकले आणि माउसने खाली ओढून सगळ्या ओळी भरल्या. फरक किती मोठा ते सांगणारा एफ आला पासष्ट हजार आणि वर काहीतरी!

"साईं! पासष्ट हजारांचा फरक!" शेठनी अंबरनाथच्या डीलरला फोनसुद्धा लावला.

"शेठ, सगळ्यांच्या जिभा सेम झाल्या की एक्सेल असंच बरळतं."

"माझी जीभ का नाही चालत? पगार तर मीच देतो!"

* * *

मग पी-व्हॅल्यू. ती ०.०५च्या खाली आली तर फरक खरा धरायचा. वर राहिली तर नुसता योगायोगही असेल.

"थोडा ऊपर-नीचे?" शेठनी विचारलं.

"नाही."

"कॅम्प पाचमध्ये बसून फिक्स रेट? कमाल आहे!"

* * *

इंटरअ‍ॅक्शन समजावताना मात्र माझी दमछाक झाली. पवारकाकाच मदतीला धावले. "शेठ एकटे असले की शांत. भाभी एकट्या असल्या की शांत. दोघं एका केबिनमध्ये आले की आम्ही बाहेर जेवतो. हेच ना, मॅडम?"

हेच!

* * *

खऱ्या टेस्टच्या दिवशी ताटल्यांवर नुसते नंबर होते. मसाला बारीक दळलेला, दिसायला दोन्हींचे पापड जुळे. पहिला मसाला खाऊन झाला आणि पवारकाका ओरडले, "अरे देवा, आज संकष्टी!" ते चूळ भरायला धावले. त्यांचे दुसऱ्या मसाल्याचे मार्क आलेच नाहीत, ओळी कमी-जास्त झाल्या आणि एक्सेल रुसलं. काकांची ओळ पुसता आली असती, पण खाणारी माणसं आधीच कमी. शेवटी त्यांच्या जागी अम्मांना बसवलं. त्यांनी सावकाश चारही पापड खाल्ले आणि मार्क दिले.

पी-व्हॅल्यू छान खाली आली. भाभीचा मसाला जिंकला! ती ओढणीत तोंड लपवून रडायला लागली. आणि तिच्या मसाल्याला सर्वांत जास्त मार्क कोणी दिले? अम्मांनी! स्वतःच्या पापडाला त्यांनी चार दिले होते.

शेठचा चेहरा उतरला. "अम्मा, अपना पापड नहीं पहचाना?"

"उमर हो गई, बेटा," अम्मा हसल्या.

सगळे भाभीभोवती जमले. मी उरलेले तुकडे एका परातीत ओतून टेबल पुसायला घेतलं, तर अम्मा परातीशी बसलेल्या. एकेक तुकडा नाकाशी न्यायच्या. काही परत टाकायच्या, काही रुमालात ठेवायच्या.

मी बघतेय हे लक्षात आल्यावर त्यांनी रुमालाची गाठ मारली.

"मेरेवाले घर ले जाती हूँ," त्या हळूच म्हणाल्या. "अब यहाँ तो नहीं बनेंगे ना!"