गार्डियन रत्नागिरीत, मुलगी अंधेरीत

रत्नागिरी बंदरातून छोटा पडाव खोल पाण्यात थांबलेल्या बोटीकडे निघाला तेव्हा मी ट्रंकेवर अशी ऐटीत बसले होते, जशी काही मुंबई पलीकडे हार घेऊन उभी आहे. अंगावर नुकतीच नेसायला शिकलेली पाचवारी. आईनं एका हातानं ट्रंक धरली होती, दुसऱ्यानं माझ्या सुटत चाललेल्या निऱ्या. मॅट्रिकला स्कॉलरशिप मिळवलेली विदुषी!

माझे वडील गेल्यापासून धाकटे काका घरचे कर्ते. धक्क्यावर ते शेवटपर्यंत म्हणत होते, "वहिनी, पोरीचं फर्स्ट इयर अर्धं झालंय. तिला इथंच ठेवा." पोरगी राहिली की वहिनी परत येणार, म्हणजे पुन्हा दोन्ही वेळचं गरम जेवण. पण आईला अंधेरीच्या शाळेत नोकरी लागली होती. "जिथं मी, तिथं ती," एवढंच ती बोलली.

अंधेरीला तबेल्यामागे खोली मिळाली, आणि नव्या कॉलेजात नावही लागलं. स्कॉलरशिपचं विचारलं तर हेडक्लार्क म्हणाले, "मधेच कॉलेज बदललं की ती बंद. गार्डियनची बदली झाली असेल तरच चालू राहते."

मी पदर खोचून पुढे झाले. आरशासमोर घोटलेलं भाषण होतं ना! "सर, आय मोस्ट हम्बली बेग टु स्टेट..."

"मराठीत बोल गं, जेवायची सुट्टी होतेय."

मी आईच्या मागे सरकले. आई म्हणाली, "गार्डियन मीच. नोकरीसाठी मीच इथं आलेय."

"बाई, तुम्ही आई. गार्डियन म्हणून दिरांचं नाव लागलंय, आणि ते तर रत्नागिरीतच आहेत. मुलगी तुमच्या ताब्यात दिली असं त्यांच्याकडून लिहून आणा, मग बघू."

ताब्यात दिली! मी काय बाजाची पेटी होते? आणि लिहून कोणी द्यायचं? आई लग्न होऊन आली तेव्हा ज्यांचं शेंबडं नाक तिनं पदरानं पुसलं होतं, त्यांनी!

तरी आईनं लिहिलं. काकांचं कार्ड आलं: "आधी दोघी परत या. मग सहीचं पाहू." आईनं कार्ड शेगडीत घातलं आणि वर चहाचं आधण ठेवलं. "सही त्यांची घेतली, तर उद्या तुझं शिक्षणही त्यांचंच म्हणतील," ती म्हणाली.

फी भरता आली नाही, माझं नाव कमी झालं. उरलेलं वर्ष मी तबेलेवाल्याच्या मुलांना पाढे शिकवले. आई शाळेनंतर शिकवण्या करायची. पुढच्या जूनमध्ये मी पुन्हा फर्स्ट इयरला बसले, माझ्याहून लहान पोरींच्या मागे. त्या मला 'ताई' म्हणायच्या. असा संताप यायचा! आता नातीच्या कॉलेजच्या फॉर्मवर आईच्या नावाचा वेगळा रकाना असतो. मग तेव्हा काय आम्ही झाडाला लागलो होतो? हल्ली मी चष्मा विसरते, गोळ्या विसरते. हा राग तेवढा जागच्या जागी सापडतो.

पुढे बऱ्याच वर्षांनी काका ऑपरेशनसाठी मुंबईला आले. उतरले आमच्याकडेच. हॉस्पिटलात नर्सनं विचारलं, "पेशंटसाठी सही कोण करणार?" आईनं केली. बाईची सही कशी चालेल, असं तिथं कोणीच विचारलं नाही. काकांनीसुद्धा नाही!

महिनाभर तिच्या हातचं गरम जेवून काका हिंडूफिरू लागले. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "वहिनी, पुरे झाली आता मुंबई. घरी चला."

गावातल्यांनो, तुम्ही अजून मला विचारता ना, घरी कधी येणार? आणि माझ्यासारख्याच गाव सोडून आलेल्या बायांनो, तुम्हालाही विचारतातच. आईनं दिलं तेच उत्तर माझं. दारात उभी राहून, काकांच्या हातात प्रवासाचा डबा ठेवत ती म्हणाली,

"घरीच आहे मी, भाऊजी. तुम्ही पाहुणे आला होतात."