ऊन लागल्याची थाप

आमच्या दोन खोल्यांत मी, बायको आणि आई. आम्हा नवरा-बायकोला एकांत मिळायचा तो फक्त सोमवारी दुपारी. त्या दिवशी मला सुट्टी असे आणि आई शेजारणींबरोबर महादेवाच्या देवळात जाई. लग्नाला सहा वर्षं झाली होती, तरी स्वतःच्याच घरात आम्ही चोरासारखे वागत होतो.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका सोमवारी, अगदी ऐन वेळी, डोक्यात मागच्या बाजूला कुणीतरी घण घातल्यासारखं झालं. मी डोकं धरून पडलो, उलटी झाली. बायको घाबरून रडायला लागली. कपडे कसेबसे सावरतोय तोवर आई दारात. काय झालं विचारलं तर मी म्हणालो, ऊन लागलं. सोलापुरात मे महिन्यात एवढं सांगितलं की पुढे कुणी काही विचारत नाही. डॉक्टर माझ्या वारलेल्या वडिलांच्या ओळखीचे. त्यांच्यापुढेही मी हीच थाप मारली. त्यांनी मीठ-साखरेचं पाणी प्यायला सांगितलं.

पुढच्या दोन्ही सोमवारी तेच झालं. मग आईनं देवळात जाणंच सोडलं. पोराला सोमवारीच ऊन बाधतं म्हणून ती ओला पंचा घेऊन माझ्या उशाशी बसू लागली. एवढ्या मायेनं बसलेल्या आईला जा तरी कसं म्हणायचं? होता तो एकांतही मी माझ्या हातानं घालवला.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांना, मान खाली घालून, खरं सांगितलं. इतके दिवस अंगावर काढलंत म्हणून त्यांनी झापलं. डोक्याचा स्कॅन झाला, आत काही निघालं नाही. काहींना त्या वेळी होतं असं, म्हणाले, आणि तासभर आधी घ्यायची गोळी दिली.

आई चार दिवस मावशीकडे करकंबला गेली तेव्हा मी गोळी घेतली. एसटीची वाट बघावी तसे आम्ही तासभर घड्याळाकडे बघत बसलो. मग मी जवळ सरकलो, तर बायकोची नजर माझ्या कपाळावर. मलाही सारखं वाटत होतं, आता येणार.

“ऱ्हाऊ द्या की,” ती म्हणाली. “मला लई भ्या वाटतंय.”

मी बरं म्हणालो आणि मला एकदम हायसं वाटलं. ते तिनं माझ्या चेहऱ्यावर वाचलं. आई परत आली त्या दिवशी तिनं आपलं अंथरूण आईशेजारी घातलं.