बेटाएवढं कासव

तिवशाजवळ माझ्या धाकट्या भावाचं शेत आहे. तिथल्या विहिरीला कठडा नाही. पाणी साफ राहावं म्हणून आमच्याकडे विहिरीत कासव सोडतात, तसं तिच्यातही एक होतं. भावाची सहा वर्षांची पोरगी काठावर पालथी पडून त्याला भाकरीचे तुकडे टाकायची. उन्हाळ्यात मी अमरावतीहून गेले की माझा जीव दिवसभर टांगणीला. कठडा बांध म्हटलं की भाऊ म्हणे, "बांधू ना ताई, सवड होऊ दे." कठड्याला विटा-सिमेंट लागतं, गोष्टीला काही लागत नाही.

देशोदेशीच्या राक्षसी कासवांचं मला भारी वेड. यंदा तिला ते कासव सांगितलं, ज्याच्या पाठीवर झाडं उगवली होती. खलाशांना वाटलं बेटच आहे. उतरले, चूल पेटवली, चटका बसला तसं ते सगळ्यांना घेऊन तळाशी गेलं.

"तुह्या विहिरीतलं त्याच्याच खानदानातलं," मी ठोकून दिलं. "वर दिसते ते काईच नाई. खाली बैलाएवढं हाये. काठावर आलेल्या लेकराचा पाय धरते."

लागू पडलं, आणि जरा जास्तच. काठ सुटला, पण पाणीही सुटलं. पोरगी त्या विहिरीचा घोट घेईना, अंघोळ म्हटली की घर डोक्यावर घेई. देवळात गाभाऱ्यासमोरचं दगडी कासव पाहिलं आणि बापाच्या कडेवर चढली. "काय झालं असन हो इले?" भावजय मला विचारत होती. ऊन लागलं असेल, म्हणाले मी. लाज वाटते सांगायला.

शेवटी पोरीनंच बापाला सांगितलं, विहिरीत बैलाएवढं कासव आहे म्हणून. डोळ्यानं पाहिलं की भेव जाते, असं त्याचं म्हणणं. त्यानं टोपली सोडून कासव वर काढलं आणि तिच्यापुढं ठेवलं. परातीएवढंही नव्हतं. तरी ती किंचाळलीच, तेव्हा ते पोत्यात घालून तो वर्धा नदीत सोडून आला. इतकी वर्षं विहिरीत राहिलेल्या मुक्या जिवाला घराबाहेर काढलं, आणि मी तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी ती माझ्या मांडीवर येऊन बसली. "आत्या, ते तं लहानच होतं. माह्यामुळं हाकललं ना बाबानं त्याले?"

तुझ्यामुळं नाही, माझ्यामुळं, एवढंच म्हणायचं होतं. पण तिच्यापुढं मी खोटी ठरणार, ते मला सोसेना. "ते मोठं व्हाले गेलं समुद्रात," मी म्हणाले. "पाठीवर झाडं उगवली की ते येईन, अन् तुले बसवून नेईन." ती हसली. मलाही हलकं वाटलं, त्याचीच आता चीड येते.

काल भावाचा फोन आला. पोरगी पाणी पिते, अंघोळ करते, मजेत आहे म्हणाला. मग तिनं फोन घेतला.

"आत्या, बाबा वावरात गेले की मी भाकर घेऊन काठावर बसते. आता भेत नाई मी. ते वर आलं की पाठीवर पाय ठेवाचा, मले समजते."

"बाबाले फोन दे," मी ओरडले, "आत्ताच्या आत्ता दे!"

"काहून आत्या?" तिचा आवाज आनंदानं चढला. "आलं का ते?"