कड्यावरचा बेल

फोन प्रयोगशाळेबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये आला. वसंतकाकांनी आधी विचारलं, तुमच्याकडे थंडी पडायला लागली का, मग विचारलं, जेवलीस का. काका कधी फोन करत नाहीत. फोन करणं, पत्रं लिहिणं, सणाला माणसं गोळा करणं, ही सगळी शालूकाकूची खाती. त्यामुळे त्यांचा आवाज ऐकल्याबरोबर मला कळलं होतं, तरी मी म्हटलं, नाही, अजून थंडी नाही. "सकाळी तिनं चहा ठेवला होता," ते म्हणाले, "तो मीच गाळला." काकू गेली, त्याला आता महिना उलटला.

शालूकाकू माझी नात्यानं कुणी नव्हती. मी पुण्याहून केमिस्ट्री शिकायला अमेरिकेच्या पार ईशान्य कोपऱ्यात, मेनमध्ये आले, तेव्हा आईच्या एका मैत्रिणीनं तिचा पत्ता दिला होता. काका तिथल्या एका कागदाच्या कारखान्यात इंजिनियर. मुलगा मिनेसोटात ईडन प्रेरीला नोकरी करणारा, दर रविवारी फोनवर काकूच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देणारा. त्यांच्या लहानशा किनारी गावात दुसरं मराठी घर नव्हतं. पहिल्या सुट्टीत मी बसनं तिच्याकडे गेले आणि दोन दिवस 'हो', 'नाही' आणि 'चालेल' एवढ्यावर भागवलं. माझी सगळी शाळा इंग्रजी माध्यमातली. मराठी बोलायला गेलं की शब्द चुकेल अशी भीती, आणि इथं आल्यापासून इंग्रजीतसुद्धा उच्चारांची भीती, म्हणून गप्प राहणं सगळ्यात सोपं. काकूनं दोन दिवस ते चालवून घेतलं. तिसऱ्या दिवशी पोळी वाढता वाढता म्हणाली, "काय गं, तू पोस्टानं आलीस का? तोंडावर तिकीट चिकटवून पाठवलंय तुझ्या आईनं!" मी हसले. त्या घरातलं माझं पहिलं वाक्य बहुतेक त्यानंतरचं.

काकू नागपूरची. समुद्र तिनं पहिल्यांदा पाहिला तो अमेरिकेला येताना विमानातून, आणि मग नशिबानं तिला थेट अटलांटिकच्या काठावरच आणून बसवलं. गावामागून एक पायवाट ख्रिसमस ट्रीसारख्या उंच काळपट झाडांमधून जाते आणि एकदम उघड्या कड्यावर निघते. गुलाबी ग्रॅनाइटचे प्रचंड दगड, कुणी सुरीनं चिरल्यासारखे, आणि खाली पांढरा होऊन फुटणारा समुद्र. अशा ठिकाणी मातीसुद्धा टिकू नये. पण दगडांच्या भेगाभेगांतून फुलं येतात. काटेरी झुडपांवर पाच पाकळ्यांचे गुलाब, वाटाण्याच्या फुलांसारखी जांभळी फुलं, आणि केसाइतक्या बारीक देठावर लटकलेल्या निळ्या घंटा. वाऱ्यानं त्या सारख्या हलत असतात, तुटत मात्र नाहीत. त्यांची इंग्रजी नावं काकूला पाठ होती, पण ती वापरायची नाही. निळ्या फुलाला ती घंटुली म्हणायची. मेनचा हिवाळा संपता संपत नाही, तेव्हा तिच्या देवांना नुसत्या अक्षता मिळायच्या. "मी त्यांना सांगून ठेवलंय," ती म्हणायची, "मे महिन्यापर्यंत तांदळावर भागवा बापा, मग कड्यावरून आणते." आणि खरंच जूनपासून रोज सकाळी परडी घेऊन निघायची. एका झुडपावरून एकच फूल घ्यायची.

पहिल्या वर्षी श्रावणातल्या एका सोमवारी मी तिच्याबरोबर होते. कड्याच्या कडेला वाकलेली काकू एकदम ओरडली, "अगं, बेल! इथं बेल!" खडकाला बिलगून एक वेल पसरली होती आणि तिला खरोखरच तीन तीन पानं होती, तुकतुकीत, मधलं पान जरा पुढे आलेलं. बेल वेलीवर येत नाही हे नागपूरच्या बाईला कुणी सांगायला हवं असं नाही. पण इतक्या वर्षांनी तीन पानं एका देठावर दिसली होती, तिनं बाकी काही पाहिलंच नाही. ओंजळ भरून त्रिदळं आणली, महादेवाची पिंडी त्यांनी झाकून टाकली. दुसऱ्या दिवशी तिचे हात कोपरापर्यंत सुजले, फोड आले, आणि निर्माल्य बाहेर नेणाऱ्या काकांचेही. ती वेल पॉयझन आयव्ही होती. इथल्या शाळेतल्या मुलांनाही ती ओळखायला शिकवतात. डॉक्टरांना कळेना की एखादी शहाणी बाई ही पानं मुद्दाम निवडून घरी का नेईल. काकूला मात्र वेगळंच लागलं होतं. दोन्ही हातांना गुलाबी औषध फासून ती म्हणाली, "माझं जाऊ दे गं. देवाच्या अंगावर किती रचलं मी ते!" खाजवायचं नाही म्हणून हात वर धरून बसलेले काका शांतपणे म्हणाले, "त्यांनी हलाहल पचवलंय. तुझं काय घेऊन बसलीस." तरी तिनं मला पिंडी साबणानं धुवायला लावली.

त्यानंतर भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे गाडीच्या पुढच्या कप्प्यात कायमचे राहायला आले. मोजे चढवून, साडीवर काकांचा कोट घालून कड्यावर फुलं वेचणारी काकू हे गावाचं ठरलेलं दृश्य झालं. काही दिवसांनी पाहिलं, तर उजव्या मोज्याची दोन बोटं तिनं टोकाशी कापून टाकली होती. "मग मोज्याचा उपयोग काय?" मी विचारलं. "डाव्या हातानं पानं बाजूला करायची," ती म्हणाली, "आणि फूल हाताला कळायला नको होय?"

या उन्हाळ्यात तिचं हृदय थकलं. चढ नाही, वारा नाही, दगदग नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. श्रावणातला शेवटचा सोमवार आला, मी त्यांच्याकडेच होते, आणि तिनं सकाळीच विषय काढला. "एकदा घंटुल्या पाहून येते. मग नाही म्हणणार कधी."

"अजिबात नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, हातातला चहा तसाच होता. "तुला तिथं काही झालं तर मी काय करू?"

काकूनं टेबलावरची मिठाची डबी उगीच इकडची तिकडे केली. तिला गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "मी नेते," मी म्हटलं. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. "गाडीतून खाली उतरू देणार नाही, काका." लायसन्स मिळून मला फार दिवस झाले नव्हते. काकांनी कप खाली ठेवला आणि खिशातून किल्ल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या.

पायवाटेच्या तोंडापर्यंत गाडी जाते, आणि तिथून झाडांच्या फटीतून कड्याचा एक तुकडा दिसतो. पण आम्ही पोहोचलो तेव्हा समुद्रावरून दाट धुकं आलं होतं. काचेपलीकडे पांढरं, त्यापलीकडे पांढरं, आणि कुठंतरी खोल, बोटींना खडकांची सूचना देणाऱ्या तरंगत्या घंटेचा आवाज. मला रडू यायला लागलं. काकूनं सीट मागे केली. "जा, तू पाहून ये," ती म्हणाली, "आणि मला सांग."

मी गेले. ओणवी होऊन, जवळ जाऊन पाहिलं, कारण हातभर अंतरावरचंच दिसत होतं. परत येऊन म्हटलं, "आहेत. खूप आहेत."

"हे काय सांगणं झालं? तार केल्यासारखं. नीट सांग."

मग मी सांगितलं. अडखळत, शब्द शोधत, सापडला नाही तर हातानं दाखवत. दोन दगडांच्या मध्ये बोटभर फट आहे, तिथं पाच घंटुल्या आहेत, एक अजून मिटलेली. प्रत्येकीच्या टोकाला धुक्याचा थेंब लोंबतोय, पण पडत नाही. गुलाब संपत आलेत, त्यांच्या जागी लाल फळं धरलीत, छोट्या टोमॅटोसारखी. खाली लाट येते ते दिसत नाही, पण दगडाला हात लावला की आधी हाताला कळतं, मग कानाला. काकूनं डोळे मिटले होते. मांडीवर हात जोडलेले. मी थांबले की ती म्हणायची, "हं, पुढे?" आयुष्यात इतका वेळ मी एकटी बोलले नव्हते. धुकं शेवटपर्यंत हटलं नाही. परत निघताना ती म्हणाली, "झाली माझी पूजा. आज तर एकही फूल तोडावं लागलं नाही."

मागच्या शनिवारी काकांकडे गेले होते. घर व्यवस्थित होतं, फार व्यवस्थित. देवांपुढे अक्षता होत्या. दुपारी काका आपणहून म्हणाले, चल, तिकडे जाऊन येऊ. इतकी वर्षं त्या गावात राहून ते फुलांसाठी कधी कड्यावर गेले नव्हते. पायवाटेपाशी गाडी थांबली, पण ते उतरले नाहीत. पुढचा कप्पा उघडून त्यांनी पिवळे मोजे काढले आणि मला दिले.

मोजे मला सैल होतात. उजव्या हाताची दोन बोटं वाऱ्यात गारठली. परत आले तेव्हा काका समोर पाहत बसले होते.

"काय आहे तिथं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या शेजारी बसले, दार लावून घेतलं. "घंटुली एकच उरलीय," मी सांगायला लागले, "अगदी कडेला. आणि काकूचा बेल सगळा लाल झालाय. सबंध खडक लाल दिसतो, काका."

त्यांनी माझ्या हातातले मोजे घेतले, उलटे झालेले सरळ केले, आणि त्या कापलेल्या दोन बोटांत आपली बोटं घालून बसले.

"हं," ते म्हणाले, "पुढे?"