कुत्र्याच्या भांड्यातला कोदो

"ताटली खाली ठेव," बाई म्हणाल्या.

मी ठेवली. त्यांनी ती उचलली आणि मागच्या दारी बांधलेल्या कुत्र्याच्या भांड्यात उपडी केली. माझ्या ताटलीतला कोदो कुत्र्याने चाटूनपुसून खाल्ला. मी बघत उभी राहिले.

रायपुरात मी त्यांच्याकडे स्वयंपाक करायचे. अभनपूरकडच्या आमच्या गावाहून सकाळच्या बसने यायचे. "आपली मराठी बोलणारी बाई बरी," म्हणून त्यांनी मला ठेवलेलं. भाषा एक, भांडी मात्र वेगळी. त्यांची मांडणीत. माझी ताटली मोरीजवळ.

बाईंना शुगर होती. डॉक्टरांनी भात बंद केल्यापासून त्यांच्यासाठी कोदो, म्हणजे कोद्र्याचं भरड धान्य, शिजायचा. सोबत लाल माठाची भाजी, काकडी. घरातल्या सगळ्यांचं झालं की मी जेवायचे. माझ्यासाठी जाड्या तांदळाचा भात वेगळा. शुगर मलाही होती, पण ते मी लपवलं होतं. आजारी बाईला कामावर कोण ठेवतं?

त्या दिवशी लपवता आलं नाही. चपलेने टाच सोलली होती आणि जखम भरतच नव्हती. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी अंगठा गेला. मग गुडघ्याखालचा पाय. मग आईच गेली. म्हणून भाताऐवजी उरलेला कोदो वाढून घेतला.

"मले शुगर आहे बाई," मी म्हटलं. "भात नाही चालत मले."

त्या हसल्या. "तुला शुगर? शुगर बसून खाणाऱ्यांना होते. तुम्हा लोकांना भातच लागतो."

तुम्हा लोकांना.

कोदो कुत्र्याला गेला, मी माझ्यासाठीचा जाडा भात खाल्ला. भीतीने खाल्ला. पायाची भीती होतीच, काम जायची त्याहून मोठी.

संध्याकाळी आमच्या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, मितानिन घरी आली. गावातल्या आजाऱ्यांचं तीच बघते. जखम पाहून तिचा चेहरा उतरला.

"भात कम कर, दीदी."

"मग खाऊ काय?"

तिने जखम धुऊन पट्टी बांधली. रेशनवर तांदूळ. दुकानात बिस्किटं आणि बटाटे. गावात पिकलेली भाजी उजाडायच्या आत टेम्पोत चढून रायपूरला जाते. आणि कोदो? माझ्या सासूच्या काळात घरोघरी शिजायचा. पण पाहुणा दिसला की सासू कोदोचं मडकं कणगीमागे लपवायची आणि शेजारून तांदूळ मागून आणायची. कोदो गरिबाचं खाणं, पाहुण्यापुढे इज्जत जाते म्हणून. लाजता लाजता लोकांनी पेरणंच सोडलं. आम्ही लाजून सोडलेला दाणा आता पाकिटात बसून बाईंच्या घरी येतो. त्याला मी हात लावला तर तो कुत्र्याचा होतो.

तेव्हा राग आला. भीती कुठे गेली नाही, तिच्या शेजारी राग येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी कोदो शिजवला. बाईंना वाढला. मग माझ्या ताटलीत वाढून घेतला आणि त्यांच्या समोरच बसले.

"हे काय?"

"जेवून राहिली. मी खाईन त हेच खाईन. काहून कुत्र्याले टाकता? मी माणूस आहो."

"उठ. उद्यापासून येऊ नकोस."

मी उठले नाही. सगळं संपवलं. ताटली घासली आणि त्यांच्या ताटांच्या मांडणीत नेऊन ठेवली. मग निघाले.

काम गेलं. जखम आहे. रोज सकाळी टाच बघते आणि मला आईचा पाय दिसतो. मी घाबरलेली आहे, खोटं कशाला सांगू? परसात कोदो पेरलाय. पाहुणा आला तर आधी त्याच्याच ताटात वाढीन. आणि रेशनच्या दुकानासमोर रोज जाऊन उभी राहते. तांदूळ दिला ना, आता गप घरी जा, असं दुकानदार सांगतो. मी जात नाही. रेशनवर कोदो द्या, आमच्या मातीतला दाणा आमच्या ताटात द्या, म्हणते.

पाय आहे तोवर उभी राहून मागीन. पाय गेला तर दुकानाच्या दारात बसून मागीन.